टायमर

यंदा दिवाळी करायची नाही,
साताऱ्याहून आत्यांनी फोनवर सांगितलं.
आकाशकंदील घडीतच राहिला.
केतकीने मान हलवली. निहारने मात्र
शाळेत कुणाला तरी सांगून टाकलं,
आमच्याकडे या वर्षी अंधार असतो म्हणून.

ॲबर्डीनला अंधार वेगळा पाळावा लागत नाही.
डिसेंबरात साडेतीनला दिवस मटकन खाली बसतो,
ग्रॅनाइटची घरं ओल्या पाटीसारखी काळी,
आणि वर सीगल, सबंध गावाशी भांडण असल्यासारखे.

"बाबा, नाताळलाही सुतक असतं का?"
तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस.
मी म्हणालो, चूळ भर आधी.

शनिवारी माळ्यावर चढलो.
खोक्यावर तिचं अक्षर:
नाताळ. काच आहे. वर काही ठेवू नये.
वर हॉस्पिटलची बॅग होती.
मीच ठेवलेली, मे महिन्यात,
जागा दिसली म्हणून.

एक गोळा फुटला होता. एकच.

लाल मोजे चार निघाले.
केतकीने जिन्याच्या कठड्याला तीन अडकवले
आणि चौथा घेऊन वर निघून गेली.
विचारायला हवं होतं. मी कणीक मळत होतो,
म्हणजे कणकेत पाणी जास्त झालं होतं.

शेजारच्या मॉइराबाई मिन्स पाय घेऊन आल्या,
दारातच उभ्या राहिल्या, हवेबद्दल बोलल्या.
दुःखाबद्दलही त्या हवेसारखंच बोलतात:
उद्या जरा उघडेल म्हणतात.

संध्याकाळी सातला दिव्यांची माळ लावली.
झाडाला तीन वेढे, मग प्लग,
प्लगला तो पांढरा गोल टायमर, तिने आणलेला.
लागली नाही.
बल्ब हलवून पाहिले, फ्यूज बदलला,
निहारने मोबाइलचा टॉर्च धरला माझ्या डोळ्यांवर.
"गेली ती," केतकी म्हणाली,
आणि मग आम्ही तिघंही
लगबगीने दुसऱ्या कामाला लागलो.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
जिन्याखालून उजेड आला.

मी उतरलो तर दोघं आधीच तिथे.
निहार रजईत, केतकी खालच्या पायरीवर,
एका पायात आईचा लाल मोजा, गुडघ्यापर्यंत ओढलेला.
"पाय गार पडतात," ती म्हणाली, मी काही विचारलं नव्हतं.
झाड पेटलेलं. कुणी हात लावला नव्हता.

मग मी वाकून टायमर पाहिला.
कडेच्या बारीक पिना तिने दाबलेल्या होत्या,
साडेतीनपासून नऊपर्यंत, एकेक, नखाने.
मुलं शाळेतून येतील तेव्हा खिडकीत उजेड हवा.
तबकडी फक्त वीज असली की फिरते.
जानेवारीत तिने प्लग ओढला तेव्हा
सकाळचे आठ वीस झाले असणार, डब्यांची घाई,
आणि तेव्हापासून त्या खोक्यात, बॅगेखाली,
आठ वीसच वाजत होते.

मी हे समजावून सांगितलं. आकडेमोड करून दाखवली.
निहार ऐकून घेऊन म्हणाला,
"म्हणजे आईचे आत्ता साडेतीन?"
केतकी म्हणाली, "शाळा सुटली."

साडेतीनला तूप-साखर-पोळी असायची.
पोळी नव्हती. मॉइराबाईंचे पाय गरम केले,
वर तूप सोडलं.
वाईट लागतं ते. आम्ही सगळे संपवले.

तबकडी बोटाने फिरवली की वेळ जुळते.
दोन सेकंदांचं काम.
आठवडा झाला, मी रोज तिच्या बाजूने जातो.
रात्री दोन दहाला झाड लागतं,
कधी आम्ही उतरतो, कधी झोपून राहतो
आणि छतावर त्याचा पिवळा डाग पाहतो.

सकाळी सात चाळीसला ते विझतं.
बाहेर अजून काळोख असतो.
तिच्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ,
चला, झोपा आता, म्हणायची वेळ.
आम्ही बूट घालत असतो.