नोंद नाही

बिटको चौकाजवळ, दुसऱ्या मजल्यावर
ऋजुता माझ्या उजव्या हातात मोजा चढवते,
कासारीण बांगड्या भरते तशी,
एकेक बोट दाबत, चुचकारत.
काळा मोजा, पाठीवर पाच दोऱ्या.
मोटर घुं करते आणि बोटं उघडतात.
माझीच बोटं. मला न विचारता.

"आता चष्मा लावू, बेंडकुळे काका."
चष्म्यात बाग. सफरचंदांची.
नाशकात, म्हटलं, द्राक्षं तरी लावायची!
ती हसते. तोडा, टोपलीत टाका.
हातून सुटलेलं सफरचंद खाली पडत नाही,
परत फांदीवर जाऊन बसतं
शहाण्या मुलासारखं.

एकतीस वर्षं नोट प्रेसमध्ये तपासणीला होतो.
सरकलेला नंबर, फुटलेली शाई, चुकलेली कड,
डोळ्याआधी अंगठ्याला कळायचं.
दिवसभर लाखो मोजायचे
आणि भोंगा झाला की फाटकावर हात वर करून
रिकामे खिसे दाखवायचे.
कुमुद म्हणायची, झोपेतही अंगठा चालतो तुमचा,
चादरीची किनार मोजता.

मग एका पहाटे दात घासताना
ब्रश बेसिनमध्ये पडला
आणि मी नुसता त्याच्याकडे बघत राहिलो.

गुरुवारी वीज गेली.
मोजा गप्प. चष्म्यातली बाग विझली.
ऋजुता इन्व्हर्टर बघायला बाहेर.
त्या काळोखात अंगठा
तर्जनीवरून सरकला,
कोरी नोट सरकवावी तसा.
एक.
बराच वेळ काही नाही.
दोन.
तीनला अडकला.

"काका, मशीन बंद होतं," पडदा बघत ती म्हणाली,
"नोंद नाही."
नोंद नाही!
एका नोटेचा मेळ बसेना म्हणून
अख्खं खातं रात्री नऊपर्यंत बसवलेलं आठवलं.
तेव्हा बसवणारा मीच होतो.

संध्याकाळी इस्त्रीवाला आला.
कुमुदने दहाची नोट मुद्दाम माझ्या उजव्या हातात दिली.
मळकी, फडक्यासारखी मऊ,
कोपऱ्यात कुणाचा तरी फोन नंबर.
निघाली तेव्हा करकरीत असेल,
माझ्याच टेबलावरून गेलेली असेल, काय सांगावं.
अंगठ्याने चाचपली. खरी.
आणि सुटली.

खाली फरशीवर पडली,
आणि तिथेच राहिली.
पोरगा उचलायला वाकला.
म्हटलं, थांब.