रकाना : इतर

सर्वेक्षणाचे प्रश्न चव्वेचाळीस.
बाजारात मिठाचा भाव काय.
कोयते गेल्या महिन्याइतकेच खपले की जास्त.
रेडिओवर आठवड्यात किती वेळा
माणसांना किड्यामुंग्यांची नावं दिली.
शाळेतली बाकं रिकामी आहेत का, आणि असली तर
कोणत्या घरांतली मुलं गैरहजर.

ऑनोरे मोटारसायकलवरून टेकड्या चढतो,
टॅब्लेट रेनकोटच्या आत, पोटाशी.
मी खाली बुजुंबुरात, टांगानिका सरोवराकाठी,
पंख्याखाली बसून त्यानं पाठवलेल्या ओळी साफ करते.
साफ करणं म्हणजे नावं काढणं.
नाव गेलं की माणूस सुरक्षित, असं आमच्या नियमात आहे.
(हे वाक्य मला दर वेळी दोनदा वाचावं लागतं.)

यंत्र ओळी खातं आणि पहाटे एकेक आकडा टाकतं,
कोंबडीनं अंडं टाकावं तसा.
टेकडी एकशे चौदा : शून्य पूर्णांक शून्य सहा.
रंग हिरवा.
हिरवा म्हणजे झोपा.

मंगळवारी तिथूनच एक ओळ आली.
स्त्री, वय अंदाजे सत्तर, विधवा.
भाव तोच. कोयते तेवढेच. रेडिओ बंद, बॅटरी नाही.
शेवटचा प्रश्न, आणखी काही सांगायचंय?
रकाना : इतर.

"ज्वारीची बिअर आम्ही एकाच मडक्यातून पितो.
मडकं मध्ये, भोवती शेजार, ज्याची त्याची बोरूची नळी.
नवरा होता तेव्हा मडक्यात नऊ नळ्या असायच्या.
पेरणीला सात.
परवा पाच.
भांडण नाही झालं. कुणी काही बोललं नाही.
सालोमेनं माझी चाळण परत आणून दिली,
धुऊन, पुसून. चार वर्षं उसनी होती.
मी म्हटलं, राहू दे गं, मला कुठं लागते.
म्हणाली, असू दे,
ज्याचं त्याच्याकडे बरं."

यंत्र 'इतर' वाचत नाही.
जे आकड्यातून खाली पडत नाही
ते चाळणीत वरच राहतं.

मी नळ्यांसाठी नवा रकाना केला.
नऊ, सात, पाच.
तीन ठिपक्यांवरून रेघ ओढायची नसते,
नव्या मुलांना हे मीच शिकवते.
ओढली.

साहेबांनी विचारलं, नमुना किती?
एक.
एका म्हातारीची चाळण?
हो.
ते हसले नाहीत. त्यांच्या वडिलांची शेवटची सही
ज्या वर्षाची आहे, त्या वर्षाचा तक्ता
कुणीच ठेवलेला नाही.
"पाठव," म्हणाले. "फार तर काय, खोटे ठरू."

एक जीप गेली. चर्चमधली दोन माणसं,
आणि चिखलात रुतलेली ती जीप ढकलायला
दोन्हीकडची पोरं.
एवढंच मला कळलं.

पावसाळा गेला. काही झालं नाही.
वार्षिक अहवालात माझ्या इशाऱ्यापुढे शेरा : चुकीचा.
तो बदलायला माझ्याकडे पुरावा नाही,
न घडलेल्याचा फोटो निघत नाही.

ऑनोरेची पुढची फेरी.
टेकडी एकशे चौदा. नळ्या : सहा.
सहावी कुणाची, तेही त्यानं भाबडेपणानं लिहिलं होतं.
नियमाप्रमाणे मी ते नाव काढलं.
काढण्याआधी, खोलीत कुणी नाहीसं बघून,
एकदा मोठ्यानं म्हटलं.