चाराची पाऊणपट

गाडी लाल, कोरी करकरीत. सीटवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं.
टीव्हीची पाच माणसं, एक ड्रोन, एक छत्री
आणि एक गॉगलवाला. तो त्या गाडीशी बोलत होता
तसा मी घरात कधी कुणाशी बोललो नाही.

यशवंत भुवड म्हणाला, आज चतुर्थी.
चाराची पाऊणपट तीन. तीनला पूर्ण भरती.
दीडच्या आत पुळणीवरून वर या.
गॉगलवाला म्हणाला, मामा, फक्त एक ड्रिफ्ट.

तो एक चंद्रभागाबायच्या वाळत्या जवळ्यावरून गेला.
दुसऱ्याला मागचं चाक रेवेत बसलं.
ट्रॅक्टर येईतो समुद्र
बोनेटला कोपर टेकून उभा होता,
शेजाऱ्यासारखा, कसलीही घाई नसलेला.

रात्री गाडी माझ्या गॅरेजात आली.
दार उघडलं तर आधी पाणी, मग कुर्ली.
ब्रेकखाली बसली होती, नांगी उगारून.
खारं पाणी वायरीत शिरलं की गाडी लगेच मरत नाही,
रोज थोडी थोडी मरते.

विचारलं, हे भरणार कोण?
कॅमेरावाला म्हणाला, चॅनल.
चॅनलची पोरगी फोनवर म्हणाली, गाडी कंपनीचीच, त्यांना विचारा.
कंपनीचा साहेब पुण्याहून आला, पांढरे बूट घालून,
म्हणाला, विमा.
विमावाल्याने बारा फोटो काढले
आणि म्हणाला, समुद्र पॉलिसीत नाही.

शेवटी साहेबच हसला. सईदभाय, सोडा ना,
हे सगळं जाहिरातीच्या खात्यात जातं.
आणि ते खातं कोण भरतं?
तो मोबाइल बघू लागला.

माझी व्हॅन त्याच कंपनीची.
अठ्ठेचाळीस हप्ते, एकतीस फेडले,
दर सात तारखेला.

चंद्रभागाबाय दारात आली. भांडली नाही.
तीन पाट्या होता, म्हणाली, बाराशेचा.
साहेबाने कागद चाळले. त्यात जवळ्याचं खातं नव्हतं.
यशवंताला डिझेलचे पाचशे मिळाले,
गॉगलवाल्याच्या खिशातली ओली नोट.

रविवारी टीव्हीवर लागलं.
गाडी पाण्यातून वर येते, मागे ढोल, गॉगल हसतो.
ट्रॅक्टर कापलाय.
दोर राहिलाय, डावीकडे, ताणलेला.

गाडी नेली त्याच्या आदल्या दिवशी
टायरच्या खाचांतून मी जवळा काढला,
स्क्रूड्रायव्हरने, पाऊण वाटी भरला.
अजून फळीवर आहे, नटबोल्टांच्या डब्याशेजारी.
कुणाला द्यायचा, ठरत नाही.
मांजर रोज येऊन बघून जाते.