लेलो वेळेवर पोचली होती

नोंदवही म्हणते : कोकरू जन्मलं दोन चौदाला,
मेंढवाड्याचं दार उघडलं दोन एकोणीसला.
लेलो म्हणते, मग कोपरापर्यंत हात घालून
त्याला ओढून काढलं कोणी? तुझ्या कॉम्प्युटरनं?

फेब्रुवारी. व्होरूच्या बाहेर आमचं घर, उणे बावीस.
घरात चार यंत्रं, चौघांची चार तोंडं.
कॅमेऱ्याचं माळ्यावर, गारठ्यानं मागे मागे राहणारं;
दाराचं भट्टीशेजारी, उतावळं, दिवसाला तीन सेकंद पुढे पळणारं;
तळघरातल्याचा सेलच संपलेला,
वीज गेली की ते जागं होतं दोन हजार सालच्या एक जानेवारीला,
जेव्हा उर्मास सात वर्षांचा होता आणि कुत्रा दुसरा.
चौथं माझ्या मांडीवर. ते बरोबर, असं मी धरून चालत होतो.

डेअरीत चाळीस वर्षं शीतयंत्रं सांभाळली.
मापक एक असला की माणूस निर्धास्त झोपतो,
दोन असले की झोप उडते : चुकतंय कोण?
म्हणून बाहेरच्या चौघांना विचारायचं ठरवलं.
टाल्लिन, रीगा, हेलसिंकी, आणि एक कुठला तरी, नाव न सांगणारा.
विचारलं की उत्तर येतं; जाण्यायेण्यात गेलेला वेळ
मोजून, निम्मा करून, जमेस धरायचा.
एवढा सभ्यपणा मी माणसांत पाहिला नाही.

लहानपणी आमच्या स्टेशनावर मॉस्कोची वेळ होती.
सूर्य माथ्यावर यायला सव्वा वाजायचा,
आणि बाबा सावलीकडे बघून जेवायला बसायचे
घड्याळाकडे पाठ करून. बोलायचे काही नाहीत.
परवा पत्ते टाइप करताना
पाचवा, पूर्वेचा, मी पुसून टाकला. उगाचच.
तो बरोबर होता.

माळ्यावरच्यानं लगेच ऐकलं.
भट्टीशेजारचं पाच-साडेपाच मिनिटं पुढे,
त्याला मागे ओढता येत नाही :
होऊन गेलेला क्षण पुन्हा आणला
तर नोंदी एकमेकींच्या डोक्यावर बसतात.
म्हणून त्याचा प्रत्येक सेकंद किंचित लांबवला,
कणभर, कळणार नाही इतका,
घाईतल्या माणसाचा हात धरून
आपण नुसतं हळू चालावं, तसं.
आठवडा लागला. त्या आठवड्यात आणखी दोन कोकरं आली,
एक मेलं. त्याच्या वेळेवरून कोणी भांडलं नाही.

आता चौघं एका तोंडानं बोलतात.
लेलोला दाखवलं. ती बूट काढत होती.
"आणि ते?" म्हणाली. दोन चौदा, दोन एकोणीस.
जुन्या नोंदींना हात लावता येत नाही, म्हटलं.
तिथे ती कायमची पाच मिनिटं उशिरा.

तिनं पेन्सिल घेतली, भिंतीवरच्या कॅलेंडरात
त्या तारखेच्या चौकटीत लिहिलं : मी होते.
मग स्वयंपाकघरातल्या घड्याळाला,
जे गेली तीस वर्षं ती मुद्दाम
सात मिनिटं पुढे ठेवते,
किल्ली दिली.