येण्याचं कारण

गेटवरच्या वहीत पाच रकाने.
नाव : प्रणिता खरात. फ्लॅट : सातशे तीन.
येण्याचं कारण –
इथे पेन अडतं.
ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट एवढं त्या रकान्यात मावत नाही,
मग पांडेजी स्वतःच लिहितात : मालिश.
सानपाड्याच्या गेटवर मी नर्स असते,
वाशीला नुसतं 'बाई',
सीवूड्सला एकदा कुरिअर.

स्कूटीच्या डिकीत कपड्यांचे चिमटे, किलोभर राजमा,
चमच्याच्या दांड्याला गुंडाळायची फोमची नळी,
मोजायची टेप,
आणि काजाबटणांची एक पट्टी,
माझ्याच जुन्या ड्रेसची.

कोपरखैरण्यात सिडकोचं घर. बाथरूमचं दार बावीस इंच,
वॉकर चोवीस.
दोन इंचांपायी मावशी तीन महिने
पलंगावरच अंग पुसून घेत होत्या.
मी दार काढायला लावलं, पडदा टाकला.
सून म्हणाली, यात थेरपी ती काय?

दिवाळ्यात हिराजी कोळ्यांनी चिमटे भिरकावले.
'कपरं वालत घालाचं काम जल्मात केलं नाय मी.'
दुसऱ्या दिवशी मी जाळ्याचा फाटका तुकडा मागितला.
सुई कुठे खोचलीय ते त्यांनीच नजरेनं दाखवलं.
उजवा हात
वाट विचारत विचारत सुतापर्यंत आला.
गाठ बसली नाही.
शिवी मात्र स्वच्छ आली,
झटक्यानंतरची पहिली.
दारात त्यांची बायको तोंडाला पदर लावून हसत होती.
मी फाइलमध्ये लिहिलं : बोलण्यात सुधारणा.

आणि सातशे तीन.
इथे माझं काम म्हणजे
स्वतःचे हात मांडीखाली घेऊन बसणं.
धामणस्कर तिसऱ्या बटणाशी आहेत.
बटण काजाच्या तोंडाशी येतं, आडवं होतं, सटकतं.
पुन्हा येतं.
आत कुकरची शिट्टी.
काकू हात पुसत येतात, 'मी लावते ना, किती छळायचं माणसाला?'
मी मानेनंच नको म्हणते.
अकरा मिनिटं.
लागलं.
धामणस्कर शर्टाकडे बघत राहतात,
कुणी तिसराच येऊन लावून गेल्यासारखे.
काकू काही न बोलता आत जातात.

लिफ्टपाशी त्या म्हणाल्या,
दोन वर्षं रोज सकाळी बटणं लावताना
आम्ही बोलायचो गं.
बाकी दिवस टीव्हीच.
चिडून नाही, नुसतं सांगितलं.
लिफ्ट आली, गेली.
मला काही सुचलं नाही.
फाइलमध्ये याला रकाना नाही.

घणसोलीत माझ्या घरी सकाळी सहा चाळीसला
ओजस जीभ बाहेर काढून
पहिलं बटण दुसऱ्या काजात घालत असतो.
खाली रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न.
'थांब ना आई, मी करतो.'
मी त्याचे हात बाजूला सारते.
चार सेकंदांत सहा बटणं.
तो तसाच उभा,
हात हवेत, कशाचे तरी धरलेले.

ते हात मला महापेच्या सिग्नलला दिसले.
मागच्या टँकरवाल्यानं शिव्या घातल्या तेव्हा कळलं, हिरवा होऊन गेला होता.

गजर अकरा मिनिटं अलीकडे घेतलाय.
तीन दिवस झाले, उठवत नाही.

आज सातशे तीनमध्ये ठरलं :
वरची तीन बटणं धामणस्करांची,
खालची दोन काकूंची.
डॉक्टर मॅडमना हे कसं लिहून द्यायचं ते रात्री बघीन.

गेटवर पांडेजी नव्हते, गावी गेलेत.
नवा पोरगा, मिशी नुकती फुटलेली,
वही पुढे सरकवून म्हणाला, 'काल कारण लिहिलं नाही तुम्ही.'
लिही, बटण.
'शिलाईवाल्या का?'
तसंच काहीसं, म्हटलं,
आणि हेल्मेटचा पट्टा लावायला लागले.
तो पट्टा पहिल्या वेळी कधी लागत नाही.