इतिवृत्तात न आलेलं

सव्वीस जानेवारी. झेंडा झाला, जिलेबी झाली,
शाळेच्या पटांगणात ग्रामसभा, कोरम कसाबसा.
मी पंचायतीचा क्लार्क, मांडीवर रजिस्टर.
विषय सात : गावाला कमान.
टाळ्या. मंजूर.
वर सिंह दोन बसवायचे का चार, यावर अर्धा तास.

विषय आठ : ऐन वेळचे.
नसीमबी उभी राहिली. अंगणवाडी क्रमांक दोन.
बावीस वर्षं तिला सही करताना पाहिलं होतं,
बोलताना पहिल्यांदाच.

पत्र्याखाली एकेचाळीस लेकरं, म्हणाली.
वजनकाटा आहे, सेल नाहीत.
मोबाईल आहे, रेंज पिंपळाखाली.
मी पिंपळाखाली फोटो पाठवत उभी,
अन् गोदाबाई एकटी, एका हातात खिचडीचा डाव,
दुसऱ्यात ज्याची चड्डी ओली झाली ते.
शिकवायचं कोणत्या हातानं?

मागून आवाज : तिथं काय शिकतेत? खातेत अन् झोपतेत.
लोक हसले.
मीही. खरं सांगतो, मीही.

ती म्हणाली, दादाराव, परवा तुमचीच हळद निघाली.
बायका काढणीला, लेकरं माझ्याकडं,
येताना झग्याच्या ओच्यात हळद.
चार वर्षांच्या उत्कर्षानं जमिनीवर ढीग लावले तीन :
जेठे गड्डे इकडं, बगल गड्डे तिकडं, हळकुंडं मधी.
कुणी सांगितलं नव्हतं.
जुनैदनं एक हळकुंड पळवलं,
दारापर्यंत गेला, थांबला,
परत येऊन बरोबर त्याच ढिगात ठेवलं.
याला तुमच्यात झोपणं म्हणतेत का?

सरपंच वाईट माणूस नाही. म्हणाला,
मॅडम, कमान लगेच दिसते.
तुमचं काम दिसायला किती वर्षं?
वीस.
वीस! त्यानं जमलेल्यांकडं पाहिलं.

हळदीच्या गावात तरी, ती म्हणाली,
पी हळद अन् हो गोरी म्हणू नका.
नऊ महिने मातीत असते ती,
वर नुसती पानं, खाली काय चाललंय कुणाला दिसतं?
अन् भाव कितीही चढू द्या,
चांगलं बेणं तुम्ही विकता का?
सावलीला ठेवता, पाला झाकता,
पाहुण्यालासुद्धा दाखवत नाही.
बेण्यात काटकसर करणारा एक माणूस
या सभेत उभा करा, मी खाली बसते.

कुणी उठलं नाही.
तीही बसली नाही.

सकाळी वसमतहून पिवळी व्हॅन येते,
टाय लावलेली नऊ लेकरं नेते.
माझी एकेचाळीस धुराकडं हात हलवतात,
त्यांना वाटतं व्हॅन त्यांनाच टाटा करायलीय.
ज्याच्या बापाकडं फी, त्याचंच बालपण शिकायचं?
सरकारी पैसा आमच्या दारापर्यंत येऊ द्या :
फरशी, नळाला पाणी, शिकलेली आणखी एक बाई,
अन् माझा पगार

मानधन, मी सुधारलं. सवयीनं.

तिनं माझ्याकडं पाहिलं.

तेवढ्यात लाईट आली,
मोटारी चालू करायला अर्धी सभा उठली.
मी लिहिलं : अंगणवाडीबाबत चर्चा झाली.
सर्वांचे आभार मानून सभा संपली.

सह्या चालू असताना उत्कर्षा माझ्याजवळ आली.
सगळे काहीतरी करतात, मग आपणही,
म्हणून समासात अंगठा टेकवला.
पिवळा.

कमान झाली. सिंह दोनच बसले.
तिच्याखालून व्हॅन जाते.

यंदा ऑडिटला आलेल्या साहेबांनी त्या पानावर बोट ठेवलं,
हे काय?
हळद आहे साहेब, म्हणालो.
पुसून बघितली?
नाही, म्हणालो.
आणि पहिल्यांदा सवय सोडून म्हणालो,
पुसायची नाही.