कसर

हॅलिफॅक्सच्या संग्रहालयाचं तळघर.
हीटर जानेवारीत बंद पडला, आता मार्च.
मी आणि क्लिफर्ड ॲक्रॉइड
हातमोज्यांची बोटं कापून बसलोय.
मध्ये एक उथळ खण,
डांबरगोळ्यांचा वास.

क्लिफर्ड एक्याऐंशीचा. चाळीस वर्षं लोकरीच्या गिरणीत
खिडकीसमोर तागा सोडून
विणीतली चूक शोधायचा.
"या गावात पतंग म्हटलं की
बायका आधी कपाट उघडतात," तो म्हणतो.
मी सांगते, आमच्याकडे लोकर खाणाऱ्या किड्याला कसर म्हणतात,
आणि मापात जे कमी भरतं
तीही कसरच.
तो शब्द दोनदा म्हणून बघतो,
कापडाचा काठ चिमटीत धरावा तसा.

खणातला हा मात्र लोकरीच्या वाटेला जाणारा नाही.
याला तोंडच नाही.
अळीपणी खाल्लेलं आठवडाभर पुरवायचं,
तेवढ्यात जोडीदार शोधायचा, की आटोपलं.
तांबूस पंख, त्यांत अभ्रकाच्या चार खिडक्या,
आणि खालचं लेबल पंखांहून जास्त ताठ:
जोसाया सगडन, गिरणीमालक, यांजकडून.
बारा इंच.

गावातल्या प्रत्येक पोराने शाळेच्या सहलीत
ही पट्टी डोळ्यांनी लावून पाहिलीय.
क्लिफर्डनेही. सात वर्षांचा असताना. त्याच्या बापानेही.

उजव्या पंखाचं टोक कधीच तुटून गेलंय.
अशा वेळी छातीच्या मध्यापासून
शाबूत टोकापर्यंत मोजायचं
आणि दुप्पट करायचं.
जी बाजू उरली नाही तिच्यावर
एवढा भरवसा टाकायचा.

एकशे चोवीस मिलिमीटर.
पुन्हा एकशे चोवीस.
तिसऱ्यांदा क्लिफर्ड कॅलिपर घेतो, श्वास कोंडून,
कारण श्वासानेही मिशा मोडतात.
एकशे चोवीस.
म्हणजे दोनशे अठ्ठेचाळीस.

मी पंजा फाकवून वरच्यावर धरते, न टेकवता:
एक वीत आणि वर एक बोट.
बारा इंचाला तीन बोटं कमी.
क्लिफर्ड बराच वेळ लेबलाकडे बघतो.
मग म्हणतो, "सगडन.
आमचं कापड मोजताना अंगठा गजाच्या आत,
आणि स्वतःचा पतंग मोजताना बाहेर."
आणि हसता हसता खोकतो,
आणि मी घाईने खणावर काच ओढते.

तरी मोठाच आहे हा.
पावणेदोन फुटांवर बसलेली मी, चष्मा लावून,
अजून एका नजरेत मावत नाही मला.

चहाच्या वेळी तो उठून दाराशी उभा राहतो.
"आता माझं घे."
डावा हात पसरतो. उजवा खांद्याशीच अडतो,
दोन हिवाळ्यांपासून.
मी टेप छातीच्या हाडावर धरते,
मधल्या बोटाच्या नखापर्यंत नेते.
एकोणनव्वद.
दुप्पट, तो म्हणतो. नियम तो नियम.
एकशे अठ्ठ्याहत्तर.

"पाच फूट दहा," तो लगेच म्हणतो.
"लग्नाच्या सुटासाठी शिंप्याने हीच उंची लिहिली होती."
मग पाठ चौकटीला टेकवतो, मी पेन्सिलने खूण करते:
एकशे एकाहत्तर.
हात आखडत नाहीत, पाठीचा कणा आखडतो.

तो खुणेकडे वळून बघतो.
"सात सेंटिमीटर. कुठं गेले?"

मी म्हणते, कसर लागली.

त्याला कुठला अर्थ कळला मला माहीत नाही.
तो अजून डावा हात तसाच धरून होता.

रकान्यात मी लिहिलं: २४८. उजवे टोक तुटलेले.
लेबल काढायचं का, ते क्लिफर्डने ठरवावं असं ठरलं.
त्याने ते काढलं नाही.
शेजारी दुसरं टोचलं, आपल्या हस्ताक्षरात, तारखेसकट,
आणि आम्ही दोघांनी खण आत सरकवला,
अगदी सावकाश,
आतल्या हवेला
धक्का लागू नये म्हणून.